न पाहिलेल्या तुर्काचे स्वातंत्र्य

श्रद्धावान माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. माझा धर्म खरा आहे अशी माझी खात्री असेल आणि माझा शेजारी चुकीच्या वाटेने चालला आहे असे मला दिसत असेल, तर त्याला त्या वाटेने जाऊ देणे हा माझा चांगुलपणा की निष्काळजीपणा? आंधळा माणूस विहिरीकडे चालला असेल तर आपण त्याची परवानगी विचारत बसत नाही. हात धरून मागे ओढतो. मग ज्याची आखिरत बुडते आहे असे मला वाटते, त्याला का ओढू नये?

धर्मस्वातंत्र्याविषयी बोलणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. धर्माच्या नावाने छळ करणारे सगळेच क्रूर होते असे समजणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. त्यांतले पुष्कळ जण मनापासून काळजी करणारे होते. संत ऑगस्टीनसारख्या मोठ्या ख्रिस्ती विचारवंताने पाचव्या शतकात वेगळ्या पंथाच्या लोकांवर सक्ती करण्याचे समर्थन केले, ते याच काळजीच्या भाषेत. चुकलेल्या लेकराला बाप मारतो तेव्हा त्यात वैर नसते, असा तो युक्तिवाद. पुढे हजार-बाराशे वर्षे युरोपात त्याच आधारावर माणसे तुरुंगात गेली आणि जाळली गेली.

या प्रश्नाला नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की श्रद्धा थोडी सैल झाली म्हणजे माणूस आपोआप सहिष्णू होतो. आपल्या समाजात तर हा समज पक्काच आहे. दुसऱ्याच्या धर्माबद्दल उदारपणे बोलणारा मुसलमान म्हणजे ईमानाने कच्चा, आणि कडक बोलणारा म्हणजे पक्का. बाहेरचे लोकही हेच गृहीत धरतात. धर्म कमी झाला की स्वातंत्र्य वाढते, असे त्यांना वाटते.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र या समजात न बसणारी माणसे होऊन गेली. ती ख्रिस्ती होती आणि आपल्या धर्माबाबत अतिशय कडवी होती. एकेका शब्दाच्या अर्थासाठी त्यांनी देश सोडला, मार खाल्ला, तुरुंगात आयुष्य घालवले. आणि तीच माणसे म्हणत होती, की ज्यांचा धर्म आम्हाला साफ चुकीचा वाटतो त्यांनाही त्यांच्या धर्माप्रमाणे वागण्याचे पूर्ण स्वातंत्र्य हवे. हे सांगताना ते एका समाजाचे नाव वारंवार घेत. तो समाज मुसलमानांचा. त्यांच्या भाषेत 'तुर्क'.

१६१२ सालची गोष्ट घ्या. त्या वर्षी मार्च महिन्यात लंडनच्या स्मिथफिल्डमध्ये बार्थोलोम्यू लेगेट नावाच्या माणसाला जिवंत जाळण्यात आले. एप्रिलमध्ये लिचफिल्ड गावी एडवर्ड वाइटमनला जाळले. ईश्वराच्या त्रयीची ख्रिस्ती कल्पना त्यांना मान्य नव्हती, हा त्यांचा गुन्हा. पाखंडासाठी इंग्लंडमध्ये जाळली गेलेली ही शेवटची दोन माणसे. त्याच वर्षी थॉमस हेल्विस नावाचा बॅप्टिस्ट पंथाचा माणूस हॉलंडमधला सुरक्षित आसरा सोडून मायदेशी परतला. त्याने एक छोटे पुस्तक छापले आणि त्याची प्रत पहिल्या जेम्स राजासाठी पाठवली. प्रतीवर स्वतःच्या हाताने त्याने राजाला मजकूर लिहिला. राजा हा मर्त्य माणूस आहे, तो देव नाही, आणि प्रजेच्या अमर आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, असा त्याचा आशय होता. पुस्तकात त्याने पुढे जाऊन सांगितले, की माणसाचा धर्म ही त्याच्या आणि ईश्वराच्या मधली गोष्ट आहे. राजा तिथे जबाब देणार नाही, म्हणून राजाने तिथे न्यायनिवाडाही करू नये. कोणी पाखंडी असो, तुर्क असो, यहुदी असो, ऐहिक सत्तेने त्याला धर्मासाठी जराही शिक्षा करता कामा नये. हेल्विसची रवानगी न्यूगेट तुरुंगात झाली. १६१६ पर्यंत तो मरणही पावला होता.

हेल्विसच्या या वाक्यात तुर्काचे नाव का यावे? इंग्लंडमध्ये तेव्हा मुसलमानांची वस्ती म्हणावी अशी नव्हती. काही खलाशी, काही व्यापारी, अधूनमधून येणारा एखादा वकील, एवढेच. सर्वसाधारण इंग्रजाने तुर्क पाहिलेला नव्हता, पण त्याची भीती मात्र पुरेपूर होती. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे चाचे इंग्रज जहाजे पकडत आणि माणसे गुलाम म्हणून विकत. १६३१ मध्ये तर त्यांनी आयर्लंडमधल्या बाल्टिमोर या गावावरच धाड घातली आणि शंभरावर माणसे पळवून नेली. तुर्क हा शब्द उच्चारला की मुले भिऊन गप्प बसावीत, असा तो काळ.

म्हणजे हेल्विसने मुद्दाम अवघड उदाहरण निवडले होते. स्वतःच्या पंथाला सवलत मागणे सोपे असते. ती मागणी प्रत्येक पीडित करतो. राजाने आपल्यासारख्या सज्जन ख्रिस्त्यांना त्रास देऊ नये, एवढेच म्हणून त्याला थांबता आले असते. पण मग ती कृपेची याचना झाली असती. ज्याच्याशी आपला काही संबंध नाही, ज्याच्या धर्माला आपण खोटा मानतो, ज्याची आपल्याला भीतीही वाटते, त्याच्यासाठी तीच मागणी केली की ती तत्त्व होते. न पाहिलेला तुर्क हा त्यांच्या तत्त्वाची कसोटी होता.

पण शेजाऱ्याला विहिरीपासून ओढण्याच्या प्रश्नाचे काय? त्यांचे पहिले उत्तर असे, की ईमान ही ओढून आणता येणारी वस्तूच नाही. अंग ओढता येते, मन येत नाही. सक्तीने प्रार्थनेला उभा केलेला माणूस ओठ हलवतो आणि आतून ढोंगी होतो. आपल्याकडे ज्याला मुनाफिक म्हणतात, तसा. ईश्वराला ढोंगापेक्षा अधिक नकोशी गोष्ट कोणती? म्हणजे सक्ती करणारा शेजाऱ्याला विहिरीपासून वाचवत नाही. तो त्याला एका पापातून काढून दुसऱ्या, कदाचित मोठ्या पापात लोटतो.

दुसरे उत्तर विल्यम वॉल्विन या लंडनच्या कापड व्यापाऱ्याने १६४४ मध्ये मांडले. माणसाची बुद्धी त्याला जिकडे नेते तिकडेच त्याला जावे लागते. अमुक खरे वाटू दे, असा हुकूम कोणी स्वतःच्या मनालाही देऊ शकत नाही. मग जे त्याच्या हातात नाही, त्यासाठी त्याला शिक्षा कशी करणार? वॉल्विनची एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. तो स्वतः कोणत्याही बंडखोर पंथात सामील झाला नाही. तो आपल्या वस्तीतल्या नेहमीच्या चर्चलाच जात राहिला, आणि ज्यांच्या पंथात आपण नाही त्यांची वकिली करत राहिला.

या विचारांना राजकारणाचे बळ मिळाले ते यादवी युद्धात. १६४२ मध्ये पहिला चार्ल्स राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई पेटली. राजाचे बिशप गेले म्हणून आता स्वातंत्र्य येईल असे पुष्कळांना वाटले. पण पार्लमेंटमधल्या प्रेस्बिटेरियन गटाला बिशपांच्या जागी स्वतःच्या पद्धतीचे एकच एक सक्तीचे चर्च हवे होते. १६४३ मध्ये पार्लमेंटने छपाईवर पुन्हा परवान्याचे बंधन घातले. रिचर्ड ओव्हरटनने १६४५ मध्ये चोरून एक पुस्तिका छापली. तिच्यात 'छळ' हाच एक आरोपी आहे, त्याला पकडून कोर्टात उभे केले आहे आणि त्याच्यावर रीतसर खटला चालतो. हा आरोपी दरवेळी वेश बदलतो, हे ओव्हरटनने नेमके ओळखले होते. काल तो एका पंथाच्या कपड्यांत होता, आज दुसऱ्याच्या.

ओव्हरटन, वॉल्विन आणि जॉन लिलबर्न यांच्याभोवती जमलेल्या लोकांना विरोधकांनी 'लेव्हलर्स' म्हणजे सगळ्यांना एका पातळीवर आणणारे असे हिणवणारे नाव दिले. लिलबर्न हा त्यांच्यातला सगळ्यांत हट्टी. १६३८ मध्ये, वयाच्या विशीत, बिनपरवाना पुस्तके हॉलंडहून आणल्याच्या आरोपावरून त्याला फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत फटके मारत नेले आणि लाकडी खोड्यात मान अडकवून उभे केले. कोर्टात त्याने एकच गोष्ट धरून ठेवली होती. जे प्रश्न विचाराल त्या सगळ्यांची उत्तरे देईन, अशी शपथ घ्यायला त्याने नकार दिला. माणसाला स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असे त्याचे म्हणणे. आज आपल्या संविधानाच्या विसाव्या कलमात हा हक्क आहे. तो या अशा पाठींवरच्या वळांतून आला आहे.

लेव्हलर्सनी धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यातून लोकशाहीचा मुद्दा कसा काढला, हे समजून घेण्यासारखे आहे. सत्ता ही लोकांनी सोपवलेली असते, असे ते म्हणत. पण जी गोष्ट माझ्याच हातात नाही ती मी दुसऱ्याला सोपवणार कशी? माझी सदसद्विवेकबुद्धी ही ईश्वराची अमानत आहे. मी स्वतःच ती कोणाच्या स्वाधीन करू शकत नाही, म्हणून पार्लमेंटकडे ती गेलेलीच नाही. पार्लमेंट कितीही मोठ्या बहुमताने निवडून येवो, या दारापाशी त्याने थांबले पाहिजे. आधुनिक संविधानांत मूलभूत हक्क बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवलेले असतात, त्या कल्पनेचे हे एक जुने रूप. १६४७ च्या 'जनतेचा करार' नावाच्या मसुद्यात त्यांनी हे कलमच घातले. धर्माची बाब आम्ही कोणत्याही मानवी सत्तेकडे सोपवलेली नाही, असा त्याचा अर्थ.

हा मसुदा २८ ऑक्टोबर १६४७ पासून लंडनजवळच्या पटनी गावात, सेंट मेरी चर्चमध्ये, सैन्याच्या सभेपुढे चर्चेला आला. क्रॉमवेल अध्यक्षस्थानी होता. साध्या शिपायांचे निवडून दिलेले प्रतिनिधी सेनापतींशी वाद घालत होते. कर्नल रेन्सबरो म्हणाला, की इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरीब माणसालाही श्रीमंतासारखेच एक आयुष्य जगायचे असते, म्हणून ज्या राज्यात त्याला राहायचे त्याला त्याची संमती हवी. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला, की ज्याची देशात जमीन-मालमत्ता नाही त्याचे देशाशी कायमचे नाते काय? विल्यम क्लार्क या चिटणीसाने हा सगळा वाद टिपून ठेवला. ते कागद ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात पडून होते आणि १८९१ मध्ये छापले गेले. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा वाद आज वाचतानाही जुना वाटत नाही.

१६४९ साल उजाडले. ३० जानेवारीला राजाचा शिरच्छेद झाला. आता आपले राज्य आले, असे लेव्हलर्सना वाटायला हवे होते. पण मार्चअखेर लिलबर्न, वॉल्विन, ओव्हरटन आणि थॉमस प्रिन्स हे चौघेही लंडनच्या टॉवरमध्ये कैदी झाले. त्यांच्या सुटकेसाठी लंडनच्या स्त्रिया अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारात गेल्या. घरी जा आणि आपापले घरकाम बघा, असे त्यांना सांगण्यात आले. त्या पुन्हा आल्या आणि आपलाही या देशाच्या स्वातंत्र्यात पुरुषांइतकाच वाटा आहे असे लिहून दिले. मे महिन्यात बंड केलेल्या तीन सैनिकांना क्रॉमवेलने बर्फर्ड गावच्या चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या, आणि चळवळीचे कंबरडे मोडले.

त्याच वसंत ऋतूत लंडनच्या एका छापखान्यात कुराणाचे पहिले छापील इंग्रजी भाषांतर तयार होत होते. ते अरबीवरून केलेले नव्हते, फ्रेंच भाषांतरावरून केले होते. भाषांतर सदोष होते आणि छापणाऱ्यांचा हेतूही सद्भावनेचा नव्हता. तरीही सरकारने प्रती जप्त केल्या आणि छापणाऱ्याला अटक केली. शेवटी त्याच वर्षी ते पुस्तक बाजारात आले. राजाला मारून स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या राज्यालाही एका पुस्तकाची भीती वाटली.

इथपर्यंतची कहाणी ऐकून आपण लेव्हलर्सना डोक्यावर घेऊ. पण त्यांच्या तत्त्वालाही एक भोक होते आणि ते पाहिले पाहिजे. १ मे १६४९ रोजी टॉवरमधून त्यांनी 'जनतेच्या करारा'चा शेवटचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात नोकर आणि भिक्षेवर जगणारे यांना मत नव्हते. स्त्रियांचा तर उल्लेखच नव्हता. धर्मावरून कोणाला सरकारी पदापासून दूर ठेवू नये असे कलम होते, पण एक अपवाद करून. जे पोपची किंवा दुसऱ्या परक्या सत्तेची हुकमत मानतात, त्यांना ही सवलत नाही. म्हणजे कॅथलिकांना नाही. क्रॉमवेलने तर त्याच वर्षी आयर्लंडमध्ये स्पष्ट सांगितले, की कोणाच्या मनात मी शिरत नाही, पण स्वातंत्र्याचा अर्थ कॅथलिक उपासना असा असेल तर ती माझ्या सत्तेत चालणार नाही. त्याआधी ड्रॉएडा शहरात त्याच्या सैन्याने जी कत्तल केली होती ती आयर्लंड आजही विसरलेले नाही.

हा अपवाद कशावर उभा होता? कॅथलिकांची श्रद्धा चुकीची आहे, असे उघड म्हटले गेले नाही. त्यांची निष्ठा बाहेर आहे, असे म्हटले गेले. चाळीस वर्षांनी जॉन लॉकनेही आपल्या सहिष्णुतेवरील पत्रात हेच केले. एका ठिकाणी तो म्हणतो, की धर्मावरून मुसलमानालाही नागरी हक्कांपासून वंचित करू नये. दुसऱ्या ठिकाणी म्हणतो, की जो मुसलमान कॉन्स्टँटिनोपलच्या मुफ्तीची आज्ञा डोळे मिटून पाळतो, त्याला ख्रिस्ती राजाचा निष्ठावान प्रजाजन कसे मानायचे? एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतले. १६८९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये काही पंथांना मोकळीक मिळाली. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायला १८२९ पर्यंत थांबावे लागले, यहुद्यांना १८५८ पर्यंत.

निष्ठेचा हा प्रश्न आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तो अनेकांनी आयुष्यात एकदा तरी ऐकला आहे. त्याचे उत्तर सतराव्या शतकातच मिळते. माणसाची परीक्षा त्याच्या कृतीवरून करावी, त्याच्या किबल्यावरून नव्हे. कायदा मोडला तर शिक्षा जरूर करा. पण तो मोडशील असे तुझ्या धर्मावरून वाटते, म्हणून आधीच शिक्षा करतो, असे म्हणणाऱ्याने स्वातंत्र्याचे तत्त्व सोडून दिलेले असते, मग तो लॉक असला तरी.

पण हा बाण फक्त दुसऱ्याकडे रोखून चालणार नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्सची वसाहत ज्या प्युरिटनांनी वसवली, ते इंग्लंडमधल्या धर्मछळाला कंटाळून गेले होते. १६५६ च्या जुलैमध्ये क्वेकर पंथाची मेरी फिशर आपल्या सोबतिणीबरोबर बॉस्टनच्या बंदरात उतरली. मेरी ही यॉर्कशायरमधली मोलकरीण. प्रवचन केल्याबद्दल केंब्रिजमध्ये तिने उघड्यावर फटके खाल्ले होते. बॉस्टनमध्ये दोघींची पुस्तके जाळली गेली, चेटकिणीच्या खुणा शोधण्यासाठी कपडे उतरवून त्यांची झडती घेतली गेली, पाच आठवडे कोंडून ठेवून त्यांना हाकलले गेले. १६५९ ते १६६१ या काळात त्याच बॉस्टनने चार क्वेकरांना फाशी दिले. त्यांत मेरी डायर ही स्त्री होती.

मेरी फिशर मग उलट्या दिशेला निघाली. १६५८ मध्ये, बरीचशी वाट पायी तुडवत, ती एदिर्नेजवळ उस्मानी सुलतान चौथा मेहमद याच्या छावणीत पोचली. सुलतान तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याने तिला दुभाष्यामार्फत बोलू दिले, शांतपणे ऐकून घेतले आणि वाटेत सोबत म्हणून शिपाई देऊ केले. तिने ते नाकारले आणि ती सुखरूप परतली. ज्या तुर्काची भीती घालून इंग्रज मुले वाढत, त्याच्या दरबारात तिला जो सन्मान मिळाला तो केंब्रिज आणि बॉस्टनमध्ये मिळाला नव्हता.

ही गोष्ट वाचून आपली छाती फुगते. ती जरा आवरली पाहिजे. याच चौथ्या मेहमदच्या दरबारात, याच एदिर्नेमध्ये, १६६६ साली सब्बताई झेवी या यहुद्याला उभे केले गेले. तो स्वतःला मसीहा म्हणवत होता आणि हजारो लोक त्याच्यामागे लागले होते. इस्लाम स्वीकार, नाहीतर मर, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवला गेला. त्याने पगडी बांधली. आठ वर्षांच्या अंतराने तीच गादी, तोच सुलतान. दुरून आलेल्या एकट्या बाईचे ऐकून घेणे परवडते. सत्तेला धोका वाटू लागला की परीक्षा सुरू होते. सूरह बकराची २५६ वी आयत धर्मात जबरदस्ती नसल्याचे सांगते. ती त्या दरबारात कोणाला पाठ नव्हती असे थोडेच? ख्रिस्त्यांकडेही गहू आणि तण कापणीपर्यंत एकत्र वाढू द्यावेत, हा दृष्टान्त होताच, आणि तो वाचणारेच माणसे जाळत होते. ग्रंथात वचन असणे पुरत नाही. ते स्वतःच्या हातातल्या सत्तेला लावणारा वाचक लागतो.

असा एक वाचक रॉजर विल्यम्स होता. मॅसॅच्युसेट्सने त्याला हद्दपार केले, तेव्हा १६३६ मध्ये त्याने तिथल्या मूळ रहिवाशांकडून जमीन घेऊन प्रॉव्हिडन्स ही वसाहत वसवली. १६४४ मध्ये लंडनला येऊन त्याने धर्मछळाविरुद्ध एक मोठा ग्रंथ छापला. मूर्तिपूजक, यहुदी, तुर्क, सगळ्यांच्या उपासनेला मोकळीक हवी, असे त्यात होते. पार्लमेंटने तो जाळण्याचा हुकूम दिला. आपल्या वसाहतीला १६५५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने जहाजाचा दाखला दिला आहे. एका जहाजात प्रोटेस्टंट आहेत, कॅथलिक आहेत, यहुदी आहेत, तुर्क आहेत. कोणालाही जहाजाच्या प्रार्थनेला यायची सक्ती नको आणि स्वतःची प्रार्थना करायला मनाई नको. पण जहाज कुठे न्यायचे हे कप्तान ठरवील. भाडे चुकवणाऱ्याला, मदत न करणाऱ्याला, बंड करणाऱ्याला तो शिक्षा करील. तिथे धर्माची सबब चालणार नाही.

विल्यम्सची खरी परीक्षा क्वेकरांनी घेतली. त्यांची मते त्याला मनापासून आवडत नसत. १६५७ मध्ये शेजारच्या वसाहतींनी ऱ्होड आयलंडवर दडपण आणले, की क्वेकरांना हाकला. ऱ्होड आयलंडने नकार दिला. १६७२ मध्ये सत्तरीला टेकलेला विल्यम्स स्वतः होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला आणि क्वेकरांशी दिवसचे दिवस वाद घालून आला. पुढे त्यांच्याविरुद्ध जाडजूड पुस्तकही लिहिले. तो सैल श्रद्धेचा माणूस नव्हता. शेजारी विहिरीकडे चालला आहे असे त्याला वाटत होते आणि तो ओरडून सांगत होता. फक्त त्याने शिपाई बोलावला नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचे त्याचे उत्तर हे होते: हाक मारणे माझे कर्तव्य आहे, दंडाला धरणे माझा हक्क नाही.

विल्यम्सने आणखी एक फरक केला. चर्च म्हणजे शहरातल्या एखाद्या व्यापारी कंपनीसारखे आहे, असे तो म्हणे. पूर्वेकडे किंवा तुर्कस्तानाशी व्यापार करणाऱ्या कंपन्या असतात तशा. कंपनीने सभासदाला काढून टाकावे, ती फुटावी, मोडावी, शहराची शांतता त्यामुळे बिघडत नाही. म्हणजे जमातीला आपल्या नियमाने सभासदत्व नाकारता येईल, पण त्या माणसाची रोटी, दुकान, घर आणि नागरिकत्व यांना तिने हात लावायचा नाही. हा फरक आपल्या दाराशी येऊन ठेपतो. १९४९ मध्ये मुंबई सरकारने बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. जमातीचे स्वातंत्र्य आणि जमातीतल्या माणसाचे स्वातंत्र्य यांपैकी कोणते वरचे, हा त्यातला मुद्दा होता. पुढे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सर्व समाजांसाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ मध्ये अमलात आला. तो सगळ्या जातिधर्मांच्या पंचायतींना लागू आहे. त्याची गरज पडावी हेच पुरेसे बोलके आहे.

अल्पसंख्य म्हणून आपण संविधानाच्या पंचविसाव्या कलमाचा आधार घेतो आणि तो घेतलाच पाहिजे. पण तिथे हक्क 'सर्व व्यक्तींना' दिलेला आहे. आपल्याच मोहल्ल्यात वेगळ्या मसलकाचा माणूस असतो, अहमदिया असतो, प्रश्न विचारणारी मुलगी असते, नमाज न पढणारा शिक्षक असतो. बहुसंख्याकांपुढे आपण जे मागतो, ते या माणसांपुढे आपण देणारे असतो. मोहल्ल्यात आपण बहुसंख्य आहोत, हे आपल्या ध्यानात येत नाही. प्युरिटनांच्याही आले नव्हते. तेही स्वतःला पीडितच समजत होते, फाशीचा दोर ओढतानासुद्धा.

हा विचार आपल्याला परका वाटायचे कारण नाही. बाराव्या शतकातल्या इब्न तुफैलची हय बिन यकजान ही कथा १६७१ मध्ये ऑक्सफर्डला लॅटिनमध्ये छापली गेली. १६७४ मध्ये जॉर्ज कीथ या क्वेकराने ती इंग्रजीत आणली. निर्जन बेटावर एकटाच वाढलेला हय केवळ स्वतःच्या विचाराने ईश्वरापर्यंत पोचतो. पुढे तो माणसांच्या वस्तीत जातो, आपल्याला उमगलेले सांगतो. लोकांना ते पेलत नाही असे दिसल्यावर तो त्यांना त्यांच्या रीतीवर सोडून आपल्या बेटावर परततो. प्रत्येकाच्या आत ईश्वरी प्रकाश असतो असे मानणाऱ्या क्वेकरांना ही मुसलमान हकीमाची गोष्ट आपलीच वाटली. सत्य सापडलेल्या माणसाने न ऐकणाऱ्यांशी कसे वागावे, याचा एक नमुना तिच्यात आहे.

हेल्विसला तुर्क भेटला नसावा. लिलबर्न क्वेकर होऊन १६५७ मध्ये मरण पावला. त्यांच्या हयातीत त्यांचे फारसे काही साधले नाही. आज इंग्लंडमध्ये लाखो मुसलमान राहतात, मशिदी आहेत, पार्लमेंटमध्ये मुसलमान सभासद आहेत. त्यामागे पुष्कळ कारणे आहेत, पण न्यूगेटमध्ये डांबलेल्या त्या कडव्या ख्रिस्त्याचे एक वाक्यही आहे. त्याने आपला धर्म खरा आणि आपला चुकीचा मानला, आणि तरीही आपल्यासाठी जागा मागितली. आपणही आपला धर्म खराच मानावा. मग ज्याचे मत आपल्याला सगळ्यांत जास्त खुपते त्याचे नाव मनात आणावे, आणि त्याच्यासाठी तेवढीच जागा मागता येते का, ते पाहावे.